संगणक आज्ञावलीतील कार्यकालीन दोष

आज्ञावलीचे भाषांतर पूर्ण होऊन ती प्रत्यक्ष चालू असताना उद्भवणाऱ्या दोषांस कार्यकालीन दोष म्हणतात. शून्याने भागाकार करणे, नेमून दिलेल्या जागेत न मावणारी संख्या येणे ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. व्याकरणाचे दोष भाषांतराच्या वेळीच सापडतात. हे दोष मात्र विशिष्ट आदान मिळेपर्यंत दडून राहतात.

प्रारंभीच्या संगणकांत असा दोष घडताच काम थांबे व स्मृतीतील आकड्यांची छापील यादी हाती पडे. आयबीएमने १९६४ च्या सुमारास आखलेल्या पीएल/वन भाषेत दोष घडल्यास काय करावे, हे आज्ञावलीतच सांगून ठेवण्याची सोय झाली. बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या क्लू भाषेत तिला शिस्त आली. उपक्रम कोणते अपवाद कळवू शकतो, हे त्याच्या शीर्षातच लिहावे लागे. पुढे एडा, सी++ व जावा या भाषांनी अपवाद-हाताळणी स्वीकारली. सी भाषेत मात्र परत आलेला संकेतांक तपासणे लिहिणाऱ्यावरच सोपविलेले आहे आणि ते वारंवार राहून जाते. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने दोष हे साधे मूल्यच मानले.

भाषेत सोय असली, तरी तिचा उपयोग कसा होतो हे निराळे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान-५ अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेची एडा भाषेतील आज्ञावली एरियान-४ वरून घेतलेली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक असल्याने ६४ अंकस्थानांची एक संख्या १६ स्थानांत बसविताना मावली नाही. अशा सात चलांपैकी चारांना संरक्षण होते. प्रक्रमकावरील भार मर्यादित राहावा म्हणून उरलेली तीन तशीच सोडली होती. विशेष म्हणजे, हे गणित उड्डाणानंतर एरियान-५ ला लागतच नव्हते.

दोष म्हणजे यंत्रभागाचा आकस्मिक बिघाड, असे गृहीत धरल्याने अपवाद येताच प्रक्रमक बंद करण्याची योजना होती. राखीव संचात तीच आज्ञावली असल्याने तो आधीच बंद पडला होता. मुख्य संचाने धाडलेली दोषनिदानाची माहिती नियंत्रक संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली. झोतनळ्या टोकापर्यंत वळल्या आणि प्रज्वलनानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण चार क्लस्टर उपग्रहांसह नष्ट झाला. त्यांच्या जागी तयार केलेले उपग्रह २००० मध्ये रशियन सोयूझ अग्निबाणांनी सोडण्यात आले.