हरिकेन-हंगामातील नौकारक्षण
वेस्ट इंडीजच्या समुद्रात जून ते नोव्हेंबर या महिन्यांत येणाऱ्या चक्री वादळांपासून शिडाच्या नौका वाचविण्यासाठी त्या बंदिस्त खाडीत बांधून ठेवण्याची किंवा पाण्याबाहेर काढून जमिनीवर ठेवण्याची पद्धती. या वादळांस तेथे हरिकेन म्हणतात. त्यांचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सर्वाधिक असतो. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र महिनोन्‌महिने खवळलेला असतो. त्यामुळे होड्या वर ओढून शाकारून ठेवाव्यात, हे तेथील दर्यावर्दी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. कॅरिबियन समुद्राची गोष्ट निराळी आहे. तेथे हंगामातील बहुतेक दिवस प्रसन्न असतात, व्यापारी वारे नेहमीप्रमाणे वाहतात आणि एखाद्याच दिवशी सर्वनाश ओढवतो. त्यामुळे नौका केव्हा व कोठे ठेवावी, हा प्रश्न तेथे मुख्यत्वे शिस्तीचा, आणि अलीकडे विम्याच्या अटींचा, होऊन बसला आहे.

या पद्धतीच्या इतिहासात अँटिग्वा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील इंग्लिश हार्बर या बंदराला महत्त्वाचे स्थान आहे. अरुंद मुख, वळण घेऊन आत गेलेली खाडी आणि सभोवार टेकड्या अशी त्याची रचना असल्याने भर समुद्रातील लाटांचा जोर आत पोहोचत नाही. सप्टेंबर १७२३ मधील वादळात बेटाच्या इतर बंदरांतील ३५ जहाजे किनाऱ्यावर फेकली गेली. परंतु इंग्लिश हार्बरमध्ये बांधलेल्या ‘हेक्टर’ व ‘विंचेल्सी’ या ब्रिटिश युद्धनौकांना इजा झाली नाही. या अनुभवाने बंदराचे भवितव्य ठरविले. १७२८ पर्यंत पूर्व काठावर छोटी गोदी उभी राहिली व पुढे पश्चिम काठावर भराव घालून धक्के व कोठारे बांधण्यात आली.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. साहजिकच वाऱ्याला अडणारी प्रत्येक वस्तू खाली उतरविणे, हे तयारीचे पहिले काम असे. शिडे सोडून कोठारात नेत, आडव्या काठ्या व डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरवीत आणि नौका अनेक दोरांनी काठाशी जखडीत. याच सक्तीच्या विश्रांतीत तळाची दुरुस्ती उरकली जाई. तेथे सुकी गोदी नव्हती. तोफा, साठा व नीरम काढून हलकी केलेली नौका धक्क्याशी आणीत. तिच्या डोलकाठ्यांना बांधलेले दोर उभ्या रहाटावर गुंडाळीत आणि माणसांच्या बळावर रहाट फिरवून नौका कुशीवर कलती करीत. मग उघड्या पडलेल्या तळावरील शेवाळ व शिंपले खरवडून, फळ्यांच्या सांध्यांत जुन्या दोरांचे तंतू ठोकून वर डांबर ओतीत. उष्ण समुद्रातील टेरेडो हा लाकूड पोखरणारा प्राणी वादळापेक्षाही हट्टी शत्रू होता. त्याच्यावर उपाय म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेली ‘अलार्म’ ही नौका १७६० नंतरच्या काही वर्षांत वेस्ट इंडीजमध्येच चाचणीसाठी पाठविण्यात आली होती.

गोदीच्या बांधणीसाठी आसपासच्या उसाच्या मळ्यांतून गुलाम आफ्रिकी मजूर पाठविले जात. १ ऑगस्ट १८३४ रोजी अँटिग्वातील गुलाम मुक्त झाले, तोवर गोदीचा विस्तार बहुतांशी पूर्ण झाला होता. आज ती ओळखली जाते मात्र नेल्सनच्या नावाने. १७८४ ते १७८७ या काळात या सागरी विभागात असलेल्या या अधिकाऱ्याला ही जागा मुळीच आवडत नव्हती. त्याला कारणही होते. ज्या टेकड्या वादळ अडवीत, त्याच समुद्रावरची झुळूकही अडवीत. कोंदट हवा व डास यांमुळे पीतज्वराने खलाशी मरत.

बंदरात राहावयाचे नसेल, तर वेस्ट इंडीज सोडून जाणे हा दुसरा मार्ग होता. १७८० मध्ये ॲडमिरल रॉडनी काही जहाजांसह न्यूयॉर्कला गेला. मागे राहिलेल्या ब्रिटिश जहाजांना ऑक्टोबरमधील महावादळाने गाठले. या वादळात बार्बेडोस, मार्तीनीक इ. बेटांवर मिळून २०,००० हून अधिक माणसे दगावली. पुढील वर्षी फ्रेंच ॲडमिरल द ग्रास हाही हंगामात आपले आरमार घेऊन उत्तरेस चेसापीक उपसागरात गेला. तेथे ५ सप्टेंबर १७८१ रोजी त्याने ब्रिटिश आरमाराला रोखले आणि १९ ऑक्टोबर रोजी यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. हा विजय वादळांनी घडविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि फ्रेंच आरमार त्या महिन्यांत तेथे मोकळे होते, याचे एक कारण हंगामात निश्चितपणे सापडते.

वाफेच्या जहाजांच्या काळात गोदीचे महत्त्व ओसरले व १८८९ मध्ये नौदलाने ती सोडली. १९५१ पासून तिचा जीर्णोद्धार सुरू झाला, १९६१ मध्ये ती पुन्हा खुली झाली आणि २०१६ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. दरम्यान क्रीडानौकांची संख्या एवढी वाढली, की निवाऱ्याच्या खाड्या अपुऱ्या पडू लागल्या. सप्टेंबर १९९५ मध्ये लुईस या वादळात सेंट मार्टिन बेटावरील बंदिस्त सरोवरात आश्रयाला आलेल्या शेकडो नौका एकमेकींवर आदळून नष्ट झाल्या.

त्यानंतर नौका जमिनीवर ठेवण्याकडे कल वाढला. ग्रेनेडा बेट पुष्कळ विमापत्रांतील १२° ४०′ उत्तर या मर्यादेच्या दक्षिणेस असल्याने निर्धोक समजले जाई. ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन वादळ तेथेच आले आणि टेकूंवर उभ्या केलेल्या नौका एकीच्या धक्क्याने दुसरी अशा कोसळत गेल्या. पावसाने भिजलेल्या जमिनीत टेकू रुतत असल्याने आता ते एकमेकांना जोडतात किंवा नौका पोलादी चौकटीत बसवितात. तळाखालचा जड धातूचा पाता खड्ड्यात उतरवून नौका बुटकी करतात आणि जमिनीत पुरलेल्या नांगरांना रुंद पट्ट्यांनी जखडतात. पावसाचे पाणी साचू नये म्हणून निचऱ्याची भोके मोकळी ठेवतात. डोलकाठी उतरविणे हा खात्रीचा उपाय असला, तरी यारीचा खर्च टाळण्यासाठी पुष्कळ मालक ती उभीच ठेवतात आणि अशा नौकेचा धोका शेजारच्या नौकेलाही सोसावा लागतो.