मरियेची साडी

आमच्या कंग्राळीत ब्लाउज शिवून आला की पहिली तक्रार बाहीची. त्यामुळे लिओनार्दो दा विंचीने नुसत्या एका बाहीचे रेखाटन केले आहे, हे वाचल्यावर मी सावरूनच बसले. चेहरा नाही, अंग नाही. फक्त हात आणि त्यावरच्या चुण्या. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात ते जपून ठेवले आहे. साल साधारण १४७२, म्हणजे तेव्हा लिओनार्दो विशीतला पोरगा.

ही बाही गाब्रिएल देवदूताची. लूकच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, तो मरियेला सांगायला येतो की तुला पुत्र होणार. आपल्या तीर्थंकरांच्या मातेला सोळा स्वप्ने पडतात, तिच्या दारी दूत येतो, एवढाच काय तो फरक!

त्या रेखाटनाचे पूर्ण चित्र फ्लॉरेन्सला आहे. त्यातली मरिया नाझरेथच्या सुताराची वाग्दत्त वधू वाटतच नाही. मागे ऐसपैस घर, पुढे कोरीव दगडी मेज, त्यावर ग्रंथ. फ्लॉरेन्सच्या सावकाराची लेक जणू. चित्रकाराने तिला आपल्याच गावची केली, आणि युरोपने तीच खरी मानली.

मग आपल्या शेजारच्या गोव्यातल्या आंजेलो द फोन्सेकाने तेच केले, तर काय बिघडले? १९०२ चा जन्म, सांत इस्तेव बेटावरचा. शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे तो शिकला आणि घरी येऊन त्याने मरियेला साडी नेसवली. सावळी, आपल्यासारखी. गोव्यातल्या धर्ममंडळींना ते रुचले नाही. देवाची आई अशी हिंदू बाईसारखी कशी? शेवटी तो पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला, तिथे शेकडो चित्रे काढली.

मला हे वाचून आपले पंचकल्याणक आठवले. गर्भकल्याणकाला मातेच्या जागी आपल्यातलीच एखादी काकू किंवा वहिनी बसते. तिचाच शालू, तिचेच मंगळसूत्र. राजवाड्यातली राणी असे नेसायची का, असे कुणी विचारत नाही. आपण बायका पदर नीट आला का तेवढे बघतो आणि हात जोडतो.

फोन्सेका १९६७ मध्ये वारला. चित्रे त्याच्या पत्नीने, आयव्हीबाईंनी, सांभाळली. आता ती पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. चोर्ला घाटाने गोव्याला गेलात तर फार वाकडे पडत नाही.