साक्षीदाराची वाचा : पक्षाघाताच्या संशोधनाचा एक इतिहास

मराठीत या रोगाला नावांची वाण नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तो 'पक्षवध' म्हणून वातव्याधींच्या अध्यायात येतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाचा पहिलाच अध्याय वातव्याधींचा, आणि त्यात 'पक्षाघाता'चे वर्णन आहे. 'अर्धांगवायू' हा शब्द त्याच परंपरेतून घडलेला. 'लकवा' अरबीतून फिरत फिरत आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ केवळ तोंड वाकडे होण्यापुरता होता, आपण तो सबंध अंगावर पसरवला. आणि खेड्यापाड्यांतून आजही ऐकू येते ते 'अंगावरून वारं गेलं'. ग्रीकांचा 'अपोप्लेक्सिया' आणि इंग्रजांचा 'स्ट्रोक' हे दोन्ही शब्द फटकाऱ्याचे आहेत. भाषा कोणतीही असो, या नावांचे व्याकरण एकच आहे : कर्ता बाहेरचा, अदृश्य, माणूस केवळ कर्म. (आपल्या जुन्या नाटक-चित्रपटांतील दुष्ट सावकाराला शेवटच्या अंकात अर्धांगवायू होतो, तोही याच व्याकरणाने.)

साहित्याच्या अभ्यासकांनी या रोगाच्या इतिहासात का डोकावावे, असा प्रश्न येईल. आमचे उत्तर असे की वैद्यकाचा फार मोठा भाग रुग्णाच्या कथनावर उभा आहे. 'काय होतंय, कधीपासून, कसं' या प्रश्नांनी तपासणी सुरू होते. पक्षाघात मात्र पुष्कळदा कथन करणाऱ्याची वाचाच नेतो. घटनेचा मुख्य साक्षीदार मुका होतो. या रोगाच्या संशोधनाकडे 'साक्ष कोणाची घ्यायची' या प्रश्नाचा इतिहास म्हणून पाहता येते, आणि तसे पाहिले की त्यातील काही उणिवाही दिसू लागतात.

हिपोक्रेटसच्या नावावरील सूत्रांत या विषयी एक रुक्ष निर्णय आहे : आघात तीव्र असेल तर बरा करणे अशक्य, सौम्य असेल तरी सोपे नाही. हा निर्णय दोन हजार वर्षे जवळजवळ तसाच टिकला. जिवंत रुग्ण काही सांगू शकत नव्हता आणि मृताला कोणी विचारत नव्हते. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनचा वैद्य योहान याकोब वेप्फर याने ते विचारले. १६५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आघाताने दगावलेल्यांच्या हकीकती आणि त्यांची शवविच्छेदने शेजारी शेजारी आहेत. कवटी उघडल्यावर त्याला मेंदूत साकळलेले रक्त दिसले. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबूनही हेच घडू शकेल, हेही त्याने मांडले. विल्यम हार्वेचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ चा, म्हणजे अवघा तीस वर्षे आधीचा. आज आपण आघाताचे जे दोन प्रकार करतो, रक्तस्रावाचा आणि रक्तवाहिनी बंद झाल्याचा, त्यांचे मूळ येथे आहे. पुढे १७६१ साली मोर्गान्यीने मोठ्या संख्येने शवविच्छेदने पुढे ठेवून, लुळी बाजू उजवी तर इजा मेंदूच्या डाव्या भागात, हे पक्के केले.

आता एका अपवादाकडे वळू. तो वैद्यकापेक्षा आपल्या वर्गांत अधिक ओळखीचा आहे. जून १७८३ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, कोशकार सॅम्युअल जॉन्सन रात्री जागा होऊन अंथरुणात उठून बसला, तेव्हा डोक्यात गोंधळल्यासारखे झाले. ते सुमारे अर्धा मिनिट टिकले असावे, अशी नोंद त्याने दोन दिवसांनी श्रीमती थ्रेल यांना लिहिलेल्या पत्रात केली आहे. शरीराचे काहीही होवो, बुद्धी शाबूत राहो, अशी प्रार्थना त्याने केली. आणि बुद्धी शाबूत आहे की नाही हे तपासण्यासाठीच ती प्रार्थना लॅटिन पद्यात रचली. ओळी फारशा चांगल्या उतरल्या नाहीत. पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळले, यावरून त्याने आपली विचारशक्ती जागेवर असल्याचा निष्कर्ष काढला. वाचा गेली आहे, हे त्याच्या नंतर ध्यानात आले. बोलणे परत यावे म्हणून त्याने थोडी मद्यार्काची मदत घेऊन पाहिली, उपयोग झाला नाही. मग तो चक्क झोपी गेला. सकाळी त्याने शेजाऱ्याला चिठ्ठी लिहिली.

समीक्षेची शक्ती निर्मितीच्या शक्तीहून वेगळी जागा धरून असते, याचा इतका निर्विकार पुरावा दुसरा नसेल. आमच्या दृष्टीने मात्र त्याहून मोलाची गोष्ट अशी की येथे साक्षीदार स्वतः बोलतो आहे. सुरुवात केव्हा झाली, किती वेळ टिकली, काय गेले आणि काय राहिले, हे सर्व त्यात आहे. वाचा गेली तरी बुद्धी जात नाही, हे जॉन्सनने स्वतःवरच्या प्रयोगाने दाखवले. पण त्याला ते लिहिता आले म्हणून ते टिकले. हेबर्डन आणि ब्रॉकल्स्बी या त्याच्या वैद्यांपाशी तेव्हा कातडीवर फोड आणणारे लेप याहून फारसे काही नव्हते. काही दिवसांत त्याची वाचा बऱ्यापैकी परतली, आणि डिसेंबर १७८४ पर्यंत तो जगला.

जो लिहू शकत नव्हता त्याचे काय झाले? पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक रुग्ण एकवीस वर्षे पडून होता. कोणत्याही प्रश्नाला त्याचे उत्तर एकच : 'तां', बहुधा दोनदा उच्चारलेले. स्वरांचे चढउतार आणि हातवारे यांतून तो पुष्कळ काही सांगू पाहत असे, आणि ऐकणाऱ्याला ते कळले नाही की संतापून देवाच्या नावाची एक शपथ हासडत असे. एप्रिल १८६१ मध्ये तो वारला आणि शल्यवैद्य पॉल ब्रोका याने त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढील भागातील इजा वैद्यांच्या सभेपुढे ठेवली. त्याच वर्षी दुसरा रुग्ण आला, लेलाँ नावाचा वृद्ध. त्याच्यापाशी पाच शब्द उरले होते. संख्या विचारली की तो 'तीन'च म्हणे, तेही अर्धवट उच्चारात. पण बोटांनी मात्र खरी संख्या दाखवी. त्याच्याही मेंदूत इजा तेथेच निघाली. भाषा मेंदूच्या विशिष्ट भागाशी निगडित आहे, ही आज प्रत्येक भाषाविज्ञानाच्या पुस्तकात असलेली गोष्ट या दोघांच्या उरलेल्या शब्दांवर उभी आहे. ब्रोकाने या विकाराला दिलेले नाव टिकले नाही. त्रूसोने १८६४ मध्ये 'अफाझी' हा शब्द रूढ केला. आपण 'वाचाघात' म्हणतो.

पहिल्या रुग्णाला शास्त्राने 'तां' याच नावाने ओळखले. जो एक अवयव त्याच्यापाशी उरला होता तोच त्याचे नाव झाला. ब्रोकाच्या लेखात केवळ लबोर्न्य हे आडनाव होते. पोलंडमधील चेझारी दोमान्स्की या अभ्यासकाने जुनी दप्तरे धुंडाळून २०१३ साली त्याचे पूर्ण नाव प्रसिद्ध केले : लुई व्हिक्टर लबोर्न्य. तो मोरे या गावी जन्मलेला एका शिक्षकाचा मुलगा होता. कातडी कमावण्याच्या साली दळणाऱ्या गिरण्या त्या गावात होत्या आणि फ्रेंचमध्ये अशा सालीच्या भुकटीला 'तां'च म्हणतात. तेव्हा ते अक्षर गावाच्या आठवणीचे असेल, असा तर्क दोमान्स्की यांनी केला आहे. सिद्ध करता येण्याजोगा तो नाही. पण दीडशे वर्षे निरर्थक मानलेल्या उच्चाराला अर्थ असू शकेल, असे कोणाला तरी वाटले, हेही थोडके नव्हे.

मार्च १८६६ मध्ये बेल्जियममधील नामूर येथे एका चर्चमध्ये शार्ल बोदलेर कोसळला. थोड्याच दिवसांत त्याची उजवी बाजू आणि वाचा गेली. फ्रेंच भाषेचा हा कारागीर त्यानंतर ऑगस्ट १८६७ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ एकच उद्गार काढू शकला, 'क्रे नाँ'. ती लबोर्न्यच्याच शपथेची तुटकी आवृत्ती. त्याची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी त्यामुळे हादरल्या, यात नवल नाही. कवी आणि अनामिक रुग्ण या दोघांकडे एकच शिवी का उरावी, याचा उलगडा पुढे लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सनने केला : विधान करणारी भाषा निराळी आणि भावनेच्या भरात आपोआप निघणारी निराळी, आघात पहिली नेतो, दुसरी पुष्कळदा मागे राहते. रससिद्धान्त शिकवणाऱ्यांनी जॅक्सन अवश्य वाचावा, असे आम्हांला वाटते.

विसाव्या शतकात प्रश्नाची दिशा पालटली. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका मोजला गेला होता. तो वर्षभर आधीपासून चढलेला होता, हेही नोंदीत होते. येथेही एका शब्दाने घात केला. अशा रक्तदाबाला 'इसेन्शियल' हे विशेषण होते. वय वाढताना आवश्यक म्हणून दाब वाढतो, तेव्हा तो उतरवू नये, असा अर्थ अनेकांनी त्यातून घेतला. १९४८ साली फ्रेमिंगहॅम या गावातील ५,२०९ रहिवाशांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. आजारी पडण्यापूर्वीच माणसाची साक्ष नोंदवून ठेवायची, ही त्यामागील खरी नवी कल्पना. 'जोखमीचे घटक' हा शब्दप्रयोग याच अभ्यासाच्या १९६१ च्या लेखाने रूढ केला, आणि रक्तदाब व पक्षाघात यांचे नाते १९७० मध्ये त्याच मंडळींनी आकड्यांनी दाखवले. १९९१ साली साठीपुढील ४,७३६ जणांच्या प्रयोगात केवळ वरचा दाब औषधाने उतरवल्याने पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. बाहेरून येणाऱ्या वाऱ्याची जागा धमनीतील दाबाने घेतली.

उपचारांचे पर्व त्यामानाने अलीकडचे. १९७१ मध्ये लंडनला सीटी स्कॅनचे पहिले यंत्र रुग्णावर वापरले गेले, आणि वेप्फरला मृताच्या कवटीत जे पाहावे लागले ते जिवंतपणी दिसू लागले. डिसेंबर १९९५ मध्ये ६२४ रुग्णांवरील अमेरिकन प्रयोगाचे निष्कर्ष आले : रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत दिले तर तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत होणाऱ्यांचे प्रमाण निदान ३० टक्क्यांनी वाढते. त्याची किंमतही होती. मेंदूत लक्षणे देणारा रक्तस्राव औषध न घेणाऱ्यांत ०.६ टक्के, घेणाऱ्यांत ६.४ टक्के. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली, आणि २०१५ मध्ये गुठळी नळीने ओढून काढण्याच्या पद्धतीला एकामागून एक प्रयोगांनी दुजोरा दिला. मोठी धमनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

या घड्याळाचा काटा मात्र पुन्हा साक्षीवरच अडतो. तीन तास कधीपासून मोजायचे? रुग्ण बोलत नसेल तर तो शेवटचा धडधाकट कधी दिसला, त्या क्षणापासून. म्हणजे घरातील कोणी तरी 'नऊ वाजता चहा घेतला तेव्हा ठीक होते' असे नेमके सांगायला हवे. एकट्या राहणाऱ्याचे, झोपेतच आघात झालेल्याचे घड्याळ त्याला न कळता संपून जाई. झोपेतील आघातासाठी विशेष स्कॅनच्या आधारे निर्णय घेण्याची वाट अगदी अलीकडे उघडली.

आणि बरे झाले म्हणजे काय झाले? या प्रश्नापाशी आमचा खरा आक्षेप आहे. ग्लासगोच्या जॉन रँकिनने १९५७ मध्ये एक साधी श्रेणी सुचवली. तिची सुधारित आवृत्ती आज बहुतेक प्रयोगांत निकाल ठरवते : शून्य म्हणजे काही लक्षण नाही, सहा म्हणजे मृत्यू. मधल्या पायऱ्या मुख्यतः चालणे आणि स्वतःचे स्वतः करणे यांवर बेतलेल्या. आधाराविना चालणारा आणि आधार लागणारा यांत ती स्पष्ट भेद करते; वर्तमानपत्र वाचू न शकणारा आणि वाचू शकणारा यांत तितका नाही. हे मोजमाप सोपे आहे, निरनिराळ्या देशांत चालते, त्यावाचून वरील एकही निष्कर्ष हाती आला नसता. हे आम्ही नाकारत नाही. पण बोदलेर हिंडूफिरू लागला असता तर त्याचा आकडा बराच समाधानकारक भरला असता. आघातानंतरच्या नैराश्याचे अनेक अभ्यास प्रश्नावलीवर चालतात, आणि प्रश्नांना उत्तरे देता येत नाहीत म्हणून वाचाघाताचे रुग्ण त्यांतून वगळले जात आले आहेत. दुःख कोणाला किती होते, या गणनेत दुःख सांगू न शकणारे नाहीत!

महाराष्ट्रातील एका अभ्यासाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतील सुमारे ९४ हजार लोकसंख्येतील मृत्यूंचा शोध घेतला. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे निघाले. इतर कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. ज्या भागात मुख्यतः ताप, हगवण आणि कुपोषण यांचीच चर्चा होत आली, तेथे हा आकडा १९४५ च्या रूझवेल्ट यांच्या रोगाचा होता. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांची पद्धत आमच्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. तेथे ना स्कॅन होता ना शवविच्छेदन. घरच्या माणसांना विचारून, त्यांच्या सांगण्यावरून डॉक्टर मृत्यूचे कारण ठरवतात. या पद्धतीला 'शाब्दिक शवविच्छेदन' म्हणतात. वेप्फरच्या हातातील सुरीची जागा येथे प्रश्नांनी घेतली आहे. एक हात उचलता येत नव्हता का, तोंड वाकडे झाले होते का, बोलणे अकस्मात थांबले का, किती दिवसांनी गेले. अशा चौकशीत 'वारं गेलं' हे दोन शब्द ऐकणाऱ्याला ओळखता आले पाहिजेत, आणि ते नेमके कोणत्या बाजूवरून गेले, हेही विचारता आले पाहिजे. त्या २२९ जणांपैकी सुमारे ८७ टक्के घरीच वारले होते.