हुंड्यातलं घड्याळ

नायगावचा पत्ता लिहिताना पोस्टासाठी अजूनही 'नायगाव बाजार' असं लिहितात. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. इथल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी घरांत लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, बँकेच्या पासबुकांखाली, एक चावीचं घड्याळ पडलेलं असतं. पट्टा तुटलेला, काच इतकी ओरखडलेली की काटे धुक्यात हरवल्यासारखे. डायलवर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं असेल, तर ते एच.एम.टी.चं. घरात त्याला 'आजोबांचं घड्याळ' म्हणतात. ते खरंच आजोबांचं होतं का, हे पुढे बघू. आधी काच.

काच म्हणतो, पण ती काच नसते. ॲक्रिलिक असतं, म्हणजे एक प्रकारचं पारदर्शक प्लॅस्टिक. नखानं टिचकी मारून बघा. बद्द आवाज आला तर ॲक्रिलिक, खणखणीत आला आणि हाताला गार लागलं तर खरी काच. फरक महत्त्वाचा आहे, कारण ॲक्रिलिकवरचा ओरखडा घरी घासून जातो, काचेवरचा जात नाही. ॲक्रिलिक मऊ असल्यामुळे पटकन ओरखडतं आणि मऊ असल्यामुळेच पटकन उजळतंही. शिवाय हातातून पडलं तरी सहसा फुटत नाही.

हे स्वस्त, मऊ, दुरुस्त होणारं घड्याळ आलं कुठून? हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी बंगळूरला १९५३ साली उभी राहिली, ती कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवायला. घड्याळं नंतर आली. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी देशाकडं परकीय चलनाची टंचाई होती, बाहेरून माल आणण्यावर बंधनं होती आणि स्विस घड्याळ हवं तर पैसा नाहीतर चोरटा माल, एवढेच रस्ते उरले होते. जपानच्या सिटिझन कंपनीशी करार झाला आणि १९६१ मध्ये बंगळूरच्या कारखान्यातली पहिली घड्याळं पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते लोकांसमोर आली. आतलं यंत्र साधं आणि दणकट. सतरा ज्वेल, म्हणजे चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले सतरा कृत्रिम माणिकखडे. सेकंदाला पाच ठोके, दिवसाला ४ लाख ३२ हजार. कुठल्याही तालुक्याच्या गावातला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून ते उघडू शकायचा आणि परत जुळवूही शकायचा.

त्याआधी आपल्याकडं मनगटी घड्याळ ही बड्यांची गोष्ट. नांदेड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतं. घड्याळ असायचं ते तहसीलदाराकडं, एखाद्या देशमुखाकडं, रेल्वेच्या बाबूकडं. मुंबईच्या वेस्ट एंड वॉच कंपनीसारख्या दुकानांतून स्विस माल यायचा. ही कंपनी मुंबईत १८८६ ला सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धात तिची घड्याळं हिंदी शिपायांच्या हातावर मेसोपोटेमियापर्यंत गेली. बाकी गाव सूर्यावर आणि एसटीवर चालायचं. (एसटीवर घड्याळ लावणाऱ्यांचं पुढं काय झालं असेल, ते तुम्हीच ठरवा.)

आता आजोबांकडं वळू. १९६१ सालीच दिल्लीत आणखी एक गोष्ट झाली. हुंडाबंदीच्या विधेयकावर लोकसभा आणि राज्यसभेचं एकमत होईना, म्हणून दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलवावी लागली. स्वतंत्र भारतातली ती पहिलीच अशी बैठक. कायदा झाला, १ जुलै १९६१ पासून लागू झाला. पण त्यात एक खुलासा होता: लग्नात दिलेली रोख रक्कम, दागिने, कपडे किंवा इतर वस्तू या भेटी समजल्या जातील, त्या लग्नाच्या मोबदल्यात दिल्याचं सिद्ध झालं नाही तर. हा खुलासा काढून टाकायला १९८४ साल उजाडलं. मधल्या तेवीस वर्षांत मोबदला आणि भेट यांतला फरक लग्नाच्या मांडवात कोण सिद्ध करत बसणार?

त्याच तेवीस वर्षांत एच.एम.टी. घराघरात पोचलं. मराठवाड्यात लग्न ठरवताना बोलणी व्हायची तेव्हा सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही नावं एका दमात घेतली जायची. घड्याळ नवरदेवाच्या हातात. मुलगी बोहल्यावर उभी आणि तिच्या बापानं विकत घेतलेलं घड्याळ शेजारच्याच्या मनगटावर. म्हणजे कपाटातलं 'आजोबांचं घड्याळ' बऱ्याचदा आजीच्या वडिलांचं असतं. ते आलं कापसाच्या किंवा ज्वारीच्या पैशातून, नाहीतर सावकाराच्या. घातलं आजोबांनी, आजीनं बहुधा कधीच नाही. तिच्या वाट्याला सकाळी 'चावी दिली का हो?' एवढंच विचारणं आलं.

हे सगळं माहीत असलं की घड्याळ घासायला घेताना हात जरा बेतानं चालतो.

तर कृती. पट्टा काढा. काचेभोवतीच्या धातूवर चिकटपट्टी लावून तो झाका. पांढरी, साधी टूथपेस्ट घ्या, रंगीत जेल नको. वाटाण्याएवढी पेस्ट मऊ सुती कापडावर घेऊन गोल गोल घासा, पाच-सात मिनिटं, फार दाब न देता. टूथपेस्टमध्ये अतिशय बारीक खर असते. ती ओरखड्याच्या कडा झिजवते, पृष्ठभाग सपाट होतो आणि उजेड पुन्हा सरळ आत जातो. ओरखडा 'भरत' नाही, त्याच्या आजूबाजूचं ॲक्रिलिक कमी होतं. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर आधी दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर किंचित ओला करून फिरवावा लागतो. त्यानं काच पार पांढरी होते, घाबरू नका, पेस्टनं परत उजळते. तडा गेला असेल तर मात्र काच बदलणं हाच उपाय. आणि नळाखाली धरू नका. या घड्याळांना पाणी चालत नाही, चावीच्या फटीतून आत जातं.

काच झाली की थांबा. इथंच बहुतेकांचा हात वळवळतो. काच चकचकीत झाली की बाजूची केस मळकट दिसायला लागते आणि घरात तांब्या-पितळेची पावडर असतेच. पण स्वस्त मॉडेलांची केस पितळेची असते, वर क्रोमचा पातळ मुलामा. पट्ट्याजवळच्या कडांना तो घामानं आधीच गेलेला असतो, खालचं पिवळं दिसतं. घासाल तितकं पिवळं वाढेल. तो मुलामा घरी परत येत नाही.

डायलला तर बोटही लावू नका. जुनं स्विस घड्याळ असेल आणि आकड्यांवर कधीकाळी अंधारात चमकणारा रंग असेल, तर ते उघडूच नका. आपण रिक्षाच्या मागच्या स्टिकरलाही रेडियम म्हणतो, पण साठच्या दशकापर्यंत घड्याळांवर खरंखुरं रेडियम लावत. चमक केव्हाच गेलेली असते, किरणोत्सर्ग गेलेला नसतो. तो निम्मा व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात.

डायल नव्यानं रंगवून देणारे आहेत. ऑनलाइन स्वस्तात दिसणारी झगझगीत निळी-लाल एच.एम.टी. घड्याळं पुष्कळदा अशीच असतात: आतलं यंत्र जुनं, डायल कालचा. मुंबईत हा धंदा इतका चालतो की परदेशातले संग्राहक अशा मालाला मुंबईच्याच नावानं ओळखतात. त्यात बेकायदा काही असेलच असं नाही, पोट भरणारे कारागीर आहेत. पण कंपनीनं कधी न काढलेल्या रंगाचं 'जनता' हातात घालून त्याला वारसा म्हणणं मला पटत नाही. पिवळा पडलेला मूळ डायल बरा.

१९८७ मध्ये टायटन बाजारात आलं, क्वार्ट्झचं, सेलवर चालणारं, चावी न मागणारं. मग मोबाइल आला. २०१४ मध्ये एच.एम.टी. बंद होणार अशी बातमी फुटली आणि वर्षानुवर्षं ज्यांना त्याची आठवण नव्हती त्यांनी ऑनलाइन रांगा लावल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. तुमकूरच्या कारखान्याची जागा पुढं इस्रोकडं गेली.

सगळं झाल्यावर घड्याळ उलटं करा. मागच्या स्टीलच्या झाकणावर कधीकधी अक्षरं कोरलेली असतात. भांड्यांवर नावं घालणारेच ती घालून द्यायचे, टिंबाटिंबांची. ती फक्त कोरड्या कापडानं पुसा, पेस्ट लावू नका, पुसट होतील. नाव जावयाचं असतं, सालही असतं. देणाऱ्याचं नाव असेलच असं नाही. आजी असेल तर तिच्या हातात द्या, चष्मा आणून द्या, आणि त्या साली कापूस काय भावानं गेला होता ते विचारा.