अलिबागची सुई आणि शाळेंतील मूल

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर एक वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वांतील सूक्ष्म फेरफार टिपणें हें तिचें काम. पूर्वी तें मुंबईस कुलाबा येथें १८४१ पासून चालत असे. पुढें मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें. विजेच्या प्रवाहानें नाजूक उपकरणांचीं टिपणें बिघडणार, हें उघड होतें. तेव्हां वेधशाळेचे प्रमुख डॉ. मूस यांनीं अलिबागची निवड केली, आणि १९०४ सालीं तेथें काम सुरू झालें. इमारतीस चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला, लोखंड कटाक्षानें टाळलें. दोन वर्षें दोन्ही ठिकाणचीं टिपणें ताडून पाहिलीं, आणि मगच १९०६ सालीं कुलाब्याचें काम थांबविलें. सुई थरथरते म्हणून सुईस कोणीं दोष दिला नाहीं. तिच्यासाठीं जागा बदलली.

शाळेंतील मुलाच्या वांट्यास असा न्याय क्वचितच आला. कांहीं मुलांना आवाज, स्पर्श, उजेड वा वास इतरांहून फार तीव्र जाणवतो. कांहींना तो इतका मंद जाणवतो कीं तीं सारखी हालचाल करीत राहतात. किनाऱ्यावरील एखाद्या शाळेच्या पत्र्यावर आषाढाच्या सरी कोसळूं लागल्या, कीं असें एखादें मूल कान झांकून बाकाखालीं शिरतें. त्यास व्रात्य ठरवून छडी उगारण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें छडीस बंदी केली. परंतु छडी गेल्यानें पत्र्याचा आवाज कमी होत नाहीं.

या अडचणीचा पद्धतशीर विचार अमेरिकेंतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनीं केला. इंद्रियांकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूंत नीट जुळणी झाली नाहीं, तर शिकण्यांत अडथळा येतो, हें मत त्यांनीं १९७२ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें. व्यवसायोपचाराची विद्या महाराष्ट्रांत त्यापूर्वींच आली होती. जन्मानें अमेरिकन, परंतु मराठी घरांत सून म्हणून आलेल्या कमला निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा काढली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें एकवीस प्रकार मान्य केले. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता आहेत. संवेदनांची अडचण स्वतंत्रपणें नाहीं. म्हणून ज्या मुलास केवळ हीच अडचण आहे, त्याच्या हातीं दाखला नसतो. त्याचा सारा भरंवसा शिक्षकाच्या समजुतीवर.

आणि लागतें तें फारसें खर्चाचें नसतें. खिडकी-पंख्यापासून दूरचा बाक, घंटा वाजण्यापूर्वीं दिलेली सूचना, घटकाभर बसावयास शांत कोपरा. आणि चुळबुळ्या मुलास वह्यांचा गठ्ठा नेण्याचें वा बाक सरकविण्याचें काम. एकास मानवेल तें दुसऱ्यास मानवेलच असें नाहीं. म्हणून कोणत्या वेळीं, कशानें मूल बिथरतें आणि कशानें सांवरतें, याची नोंद ठेवून ती ताडून पाहावी लागते. अलिबागेस सुईसाठीं दोन वर्षें हेंच केलें गेलें.