पाट लावला म्हणून जमीन जाते का?

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की हळूच एक प्रश्न निघतो. नवरा गेला, वय लहान, माहेरचे म्हणतात दुसरं लग्न कर. सासरचे म्हणतात, खुशाल कर, पण मग जमिनीवर पाणी सोड. ही अट कुठून आली, ते आज आपण बघू.

सन १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत शिकलो. ईश्वरचंद्र विद्यासागरांचं नाव आठवतं, कायद्यातलं दुसरं कलम मात्र कुणी शिकवलं नाही. त्यात लिहिलं होतं की विधवेनं पुन्हा लग्न केलं, की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा पोटगीचा आणि वारसाचा हक्क संपला, जणू ती त्या दिवशी मेलीच. मालमत्ता नवऱ्याच्या पुढच्या वारसांकडे जायची.

आता आपल्याकडची गंमत बघा, गंमत कसली म्हणा. महाराष्ट्रात कितीतरी जातींत विधवेचा पाट लावायची चाल जुनीच होती. कुठे त्याला मोहतूर म्हणत. त्या बायकांना लग्नासाठी कायद्याची गरजच नव्हती. तरी १८९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ठरवलं की जातीत चाल असली तरी हे कलम लागू. अलाहाबादच्या न्यायालयानं उलट मत दिलं होतं. म्हणजे सुधारणेचा कायदा आला, आणि आपल्या कष्टकरी बायांच्या पदरात त्यातला तोटा तेवढा पडला. आम्हाला तरी याचा राग येतो.

पुढे १९३७ मध्ये मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नानं विधवेला मुलाइतका हिस्सा मिळाला. पण तो हयातीपुरता. खायचं, राखायचं, तशीच कायदेशीर नड असल्याशिवाय विकायचं नाही. शिवाय १९४१ मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं की प्रांतांतल्या शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. आणि गावात शेताशिवाय असतं तरी काय?

खरा बदल झाला १७ जून १९५६ ला. हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली. नवऱ्यानं मृत्युपत्र केलं नसेल, तर त्याच्या मालमत्तेत बायको, आई, प्रत्येक मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. (एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत आधी नवऱ्याचा वाटा काढावा लागतो, तो हिशोब वकिलाकडून मांडून घ्या.) हक्क मिळतो नवरा गेला त्या दिवशी. नंतर लग्न केलं म्हणून मिळालेलं परत जात नाही. सन १९८३ मध्ये तो जुना कायदाच रद्द झाला, आणि २००८ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं.

हे हिंदू, बौद्ध, जैन, शीख बायकांचं. गटातल्या मुस्लिम मैत्रिणींना मूल असेल तर आठवा, नसेल तर चौथा हिस्सा, आणि राहिलेला मेहेर वाटणीच्या आधी.

मग आजही जमीन जाते ती कशी? बहुतेक वेळा हक्कसोडपत्रानं. दिवस-कार्य होतं न होतं तोच कागद पुढे येतो, "नुसती सही कर, वारस नोंदीला लागते." वारस नोंदीला हक्कसोडपत्र लागत नाही. नवऱ्याचा मृत्यूदाखला आणि अर्ज घेऊन तलाठ्याकडे आपण स्वतः जायचं. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. हरकत लेखी द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर गटातल्या दोघींना सोबत न्या.