मातृभाषेचा पेपर : रशियातील ‘ये-गे-ए’ची तयारी

रशियात अकरावी ही शालेय शिक्षणाची अखेरची इयत्ता. ती संपताना विद्यार्थ्यांना ‘ये-गे-ए’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एकीकृत राज्य परीक्षा द्यावी लागते. २००१ साली काही प्रांतांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली ही परीक्षा २००९ पासून देशभर सक्तीची झाली. रशियन भाषा आणि गणित हे विषय सर्वांना अनिवार्य आहेत. गणितात निदान सोपा आणि अवघड अशा दोन स्तरांतून निवड करता येते. भाषेच्या बाबतीत ती सोय नाही. भावी अभियंता असो की नट, पेपर एकच.

पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपली प्रवेश परीक्षा स्वतः घेत असे. सायबेरियातील एखाद्या खेड्यातल्या मुलाला त्यासाठी हजारो किलोमीटरचा प्रवास करून मॉस्को गाठावे लागे. आता घराजवळच्या केंद्रावर मिळालेले गुण देशभर ग्राह्य धरले जातात. शंभरपैकी २४ गुणांवर शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र मिळते, विद्यापीठासाठी किमान ३६ लागतात, आणि नामवंत संस्थांची अपेक्षा त्याहून पुष्कळच अधिक असते.

मातृभाषेच्या पेपरची तयारी ती काय करायची, असा प्रश्न कुणालाही पडेल. अडचण नेमकी तिथेच आहे. ही परीक्षा भाषा बोलता येते की नाही हे पाहत नाही, प्रमाणभाषेचा नियम ठाऊक आहे की नाही हे पाहते. साडेतीन तासांच्या या पेपरात २७ प्रश्न असतात; पहिले २६ लघुत्तरी आणि शेवटचा निबंधाचा. लघुत्तरी प्रश्नांत शब्दावरील आघात, समानदर्शी शब्द, शुद्धलेखन आणि विरामचिन्हे यांचा समावेश असतो.

आघाताचा प्रश्न दिसायला क्षुल्लक, पण घरात कानावर पडलेली सवय इथे घात करते. ‘फोन करतो’ या अर्थाच्या ‘झ्वनीत’ या क्रियापदात आघात दुसऱ्या अवयवावर हवा; बोलताना असंख्य लोक तो पहिल्यावर देतात. ‘केक’ या शब्दाच्या अनेकवचनात नेमके उलट, तिथे पहिलाच अवयव आघाताचा. कपडे घालण्याच्या ‘अद्येत’ आणि ‘नद्येत’ या जोडीने तर पिढ्यान्पिढ्या छळले आहे : पहिले दुसऱ्या कुणाला कपडे घालण्यासाठी, दुसरे स्वतःच्या अंगावर काही चढविण्यासाठी. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत सुशिक्षितांची जी गत होते, तीच इथे. अशा शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्ध होते. ती एका बैठकीत घोकण्यापेक्षा रोज पाच-दहा शब्द मोठ्याने वाक्यात वापरून म्हणणे अधिक उपयोगी ठरते, कारण चूक कानात बसलेली असते आणि कानातूनच निघते.

सरावासाठी प्रश्नांचा खुला संग्रह शैक्षणिक मापनाच्या संघीय संस्थेने इंटरनेटवर विनामूल्य ठेवला आहे. महागड्या खासगी शिकवणीकडे वळण्याआधी तो उघडून पाहिलेला बरा.

खरी कसोटी निबंधाची. प्राथमिक गुणांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक गुण एकट्या निबंधाला आहेत. दिलेला उतारा वाचून लेखकाची भूमिका उताऱ्यातील दाखल्यांसह स्पष्ट करायची आणि स्वतःचे मत सकारण मांडायचे. हे सारे किमान दीडशे शब्दांत. स्वतःच्या मतासाठी वाचनातला किंवा अनुभवातला दाखला चालतो. मात्र २०२५च्या निकषांनी कॉमिक्स, अॅनिमे आणि संगणकीय खेळ यांतील दाखले बाद ठरविले. इथे पुष्कळ मुले ठरावीक साच्याची वाक्ये पाठ करून जातात. त्याने सांगाडा उभा राहतो, पण उताऱ्यात लेखकाने उपरोधाने म्हटलेले वाक्य सरळ अर्थाने घेतले, तर साचा वाचवू शकत नाही. निव्वळ उतारा पुन्हा सांगणाऱ्या निबंधाला शून्य गुण मिळतात. म्हणून आठवड्याला एखादा लेख वाचून ‘लेखकाला हे का सांगावेसे वाटले’ याचे उत्तर दोन वाक्यांत लिहिण्याचा सराव दहा पाठ केलेल्या निबंधांहून मोलाचा. शब्दकोश जवळ बाळगता येत नाही, तेव्हा अखेरची वीस मिनिटे स्वल्पविराम तपासण्यासाठी राखून ठेवावीत.

परीक्षेला बसण्याची परवानगी मिळण्यासाठी डिसेंबरमध्ये आणखी एक निबंध उत्तीर्ण व्हावा लागतो. ही अट २०१४-१५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाली. त्यात गुण नसतात, केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण.

ज्यांच्या घरी तातार, चेचेन किंवा याकूत बोलली जाते, त्या मुलांनाही हाच पेपर सोडवावा लागतो. त्यांची तयारी वर्षभराची नसते, ती प्राथमिक शाळेपासूनची असते. आणि त्यांच्या शिक्षकांवरचा भार मॉस्कोतल्या शिक्षकांहून कितीतरी अधिक असतो, हे गुणांची तुलना करताना सहसा कुणी ध्यानात घेत नाही. आपल्याकडून वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांना मात्र ही परीक्षा द्यावी लागत नाही. परदेशी व्यक्तींच्या रशियन भाषेसाठी निराळी श्रेणीबद्ध चाचणी आहे.

२०१३ साली प्रश्न फुटल्याचा गाजावाजा झाल्यानंतर केंद्रांवरील बंदोबस्त कडक झाला आणि वर्गांत कॅमेरे आले. मोबाइल सापडला तर विद्यार्थ्याला बाहेर काढतात. सोबत पासपोर्ट आणि काळ्या शाईचे जेल पेन असावे. निबंध दोन परीक्षक तपासतात, त्यांच्यात मोठी तफावत पडल्यास तिसऱ्याकडे जातो. गुण मान्य नसतील, तर निकालानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत दाद मागावी लागते. २०२४पासून त्याच उन्हाळ्यात कोणताही एक विषय पुन्हा देण्याची मुभा मिळाली. मात्र पहिल्या प्रयत्नाचे गुण तेव्हा रद्द होतात, त्यामुळे थोडक्यात हुकलेल्यांनी अर्ज करण्यापूर्वी घरी शांतपणे हिशेब मांडावा.